धुकाईचा शेवटचा घास

एका राज्यात थंडी इतकी कडक पडे, की तिथले कोंबडे आधी चोच शेकून घेत आणि मगच आरवत. डोंगरउतारावरचे राज्य ते. तिथे भात होत नसे, ऊस होत नसे. पण सफरचंदे अशी लगडत, की फांद्यांना टेकू द्यावे लागत. ती सफरचंदे लोक वाळवत. लोखंडी सळईने देठापासून बुडापर्यंत आरपार भोक पाडायचे, फळ दोरीत ओवायचे आणि माळ छपराखाली टांगायची. पाळण्यातून उतरलेले मूल आधी चालायला शिके, मग सळई धरायला.

त्या राज्याचा राजा धरणीपाल. त्याची एकुलती एक मुलगी कुमुदवती. सळई चालवण्यात तिचा हात साऱ्या राज्यात जलद, पण मन मात्र शंकेखोर. दाराला कडी लावली की ती परत जाऊन कडी बघे. दिवा विझवला की वात चिमटीत धरून बघे. दासी आपसांत हसत, "बाईसाहेब श्वास घेतात आणि घेतला की नाही याचाही विचार करतात."

त्या राज्यात एक रीत होती. वर्षातला पहिला बर्फ पडला की राजाने महाद्वारात उभे राहायचे आणि जो पहिला वाटसरू येईल त्याला स्वतःच्या हाताने एक सफरचंद द्यायचे. पण त्या वर्षी नदीच्या वाळूत सोने सापडले होते, आणि सोने राजाच्या डोक्यात चढले होते. त्याने सोन्याचे सफरचंद घडवून घेतले. ते आतून पोकळ ठेवून त्यात माणके ठासली.

कुमुदवती म्हणाली, "आबा, येणाऱ्याला भूक लागली असली तर?"

"भुकेला माणूस सोनं पाहिलं की भूक विसरतो."

"आणि नाही विसरला तर?"

"तुझं हे 'तर' एकदा पेटीत घालून कुलूप लाव," राजा म्हणाला.

सकाळी बर्फ पडला. महाद्वाराच्या कमानीवर एक भारद्वाज पक्षी पिसे फुगवून बसला होता. वाट पांढरीशुभ्र झाली होती, आणि त्या वाटेवरून एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या केसांतून धुके निघत होते. ती होती चेटकीण धुकाई. पण हे कुणाला ठाऊक नव्हते.

"राजा, थंडीने आतडी गोठलीत. काही दे."

राजाने सोन्याचे सफरचंद तिच्या ओंजळीत ठेवले. "म्हातारे, यात सात गावं विकत घेता येतील."

"खाता येईल का?"

राजा मोठ्याने हसला. दरबारी त्याच्याहून मोठ्याने हसले. म्हातारीने फळ तोंडाला लावून चावा घेतला. खण्ण! असा आवाज झाला, आणि तिच्या तोंडातला एकुलता एक दात बर्फावर पडला.

हसणे थांबले. धुकाईने दात उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग ती शांतपणे म्हणाली, "खाता येत नाही असं दिलंस. आता तूही तसाच हो."

राजाच्या पायाची बोटे पिवळी झाली. मग पावले पिवळी झाली. त्याने पाय उचलून पाहिला, उचलेना. पाय सोन्याचे झाले होते.

दरबारी मागे सरले. कुमुदवती मात्र पुढे धावली आणि म्हातारीच्या पायाशी बसली. "आजीबाई, चूक झाली. उतारा सांगा."

"दिवस मावळेल तेव्हा सोनं याच्या टाळूला पोचेल. मग उतारा नाही. त्याआधी मला सफरचंद खाऊ घाल, भाजलेलं. आता माझ्या तोंडात दात नाही, तेव्हा लोण्यासारखं मऊ हवं, आणि पोटात सुका मेवा भरलेला हवा. सफरचंद हवं रुसलेल्या झाडाचं. मेवा हवा यक्षाच्या गुहेतला. विस्तव हवा ज्वालादंत राक्षसाचा. देठाकडून पोट पोखर, पण बूड शाबूत ठेव. खाली निखारे, वर निखारे. मी ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं तर तुझा बाप सुटला. एक घास जरी पानात उरला, तरी सोनं ते सोनंच."

एवढे बोलून धुकाई महाद्वाराच्या ओट्यावर बसली आणि डोळे मिटून वाट पाहू लागली.

"कुठे आहे ते झाड? कुठे आहे ती गुहा?" कुमुदवतीने चहूकडे विचारले. दरबाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा कमानीवरून भारद्वाज बोलला.

"मला ठाऊक आहे. मला पाहिलं की गोड खायला मिळतं म्हणून लोक सकाळपासून माना वर करतात. मला कोण गोड देतं? कुणी नाही. मेवा उरला तर देशील?"

"उरला तर देईन. पण उरेल की नाही, मला शंका आहे."

"खरं बोलतेस. चल." भारद्वाज पंख फडफडवून अंगणात उतरला, बैलाएवढा झाला आणि म्हणाला, "बस."

कुमुदवती बसली. मनात म्हणाली, आपण पडू. पण पडली नाही.

रुसलेले झाड वाऱ्यांच्या कड्यावर उभे होते. एका वेळी एकच झाड तिथे जगे, आणि त्याच्या बुंध्याभोवती राजपुत्रांची शिरस्त्राणे पडलेली होती. सगळी चेपलेली. त्याच क्षणी एक राजपुत्र झाडासमोर हात जोडून म्हणत होता, "हे वृक्षराज, तुझी फळे अमृताहून गोड!" झाडाने फांदी मागे ओढली आणि अशी सणकन फिरवली, की राजपुत्र तीन टेकड्या ओलांडून गेला.

"रोज हेच," झाड फणकारले. "न चाखताच गोड म्हणतात. तू काय म्हणणार?"

कुमुदवतीने वर पाहिले. खोटे बोलायला वेळ नव्हता, आणि तिला ते येतही नव्हते. "तुमची फळं आंबट असतील, अशी मला शंका आहे."

फांद्या स्तब्ध झाल्या. "आंबट?"

"थोडी तुरटही असतील. रंगावरून वाटतं."

"तुरट!" झाड मुळापासून थरथरले. "मला? शंभर हिवाळे उभा आहे मी! घे! घे, चाखून बघ आणि मग बोल!" धप, धप, धप अशी तीन सफरचंदे तिच्या ओच्यात पडली. तिने बुंध्याशी पडलेले आणखी एक उचलून चाखले. रस हनुवटीवरून ओघळला.

"गोड आहे," ती म्हणाली. "जिभेच्या टोकावर जरा आंबट. भाजायला असंच लागतं."

झाडाने ताणलेल्या फांद्या सैल सोडल्या आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा ये. शंका घेऊन ये."

भारद्वाज उडाला. खाली राज्य दिसत होते, राजवाडा दिसत होता, आणि महाद्वारात एक पिवळा ठिपका चमकत होता. "गुडघ्यांपर्यंत आलं," भारद्वाज म्हणाला. त्याची नजर तीक्ष्ण होती. कुमुदवतीने डोळे घट्ट मिटले.

यक्षाची गुहा डोंगराच्या पोटात होती. आत उजेड होता, कारण आत रत्नांचे ढीग होते. एक ढीग काळसर माणकांचा, अगदी मनुकांसारखा. एक पिवळ्या पुष्कराजांचा, जणू सोललेले बदाम. एक पोवळ्यांचा, प्रत्येक पोवळे जर्दाळूएवढे, तसेच सुरकुतलेले. यक्ष दाराशी पाय पसरून बसला होता.

"या ढिगांत खरा मेवाही आहे. हवा तेवढा उचल. पण एक जरी रत्न उचललंस तर तुझी भूक जन्मभर भागणार नाही. पृथ्वी खाल्लीस तरी नाही."

"ओळखू कशी?"

"ओळखता आलं असतं तर मी इथे एकटा बसलो असतो का?" यक्ष म्हणाला आणि जांभई दिली.

कुमुदवती ढिगाजवळ बसली. तिने एक दाणा पाहिला, मनुका वाटली. उलटून पाहिला, माणिक वाटले. पुन्हा उलटला. घरी कोठीतला मेवा निवडायला बसल्यावर दासी कशा करत ते तिला आठवले. त्या मेवा बघत नसत, कीड बघत. तिने ओणवे होऊन ढिगाला नाक लावले आणि बोटाने हळूहळू वरचा थर सारला. एक इवलीशी अळी मान वर करून तिच्याकडे पाहत होती.

"सापडला!" ती ओरडली. तिचा आवाज गुहेत सात वेळा फिरला.

"किडका उचलणार?" यक्षाने विचारले.

"किडका नाही. पण किडीला रत्न चाववत नाही. ती जिथे बसली आहे, तिथला शेजार खरा." तिने अळीच्या आजूबाजूच्या मनुका वेचल्या. तसेच बदाम वेचले, अक्रोड वेचले, मऊ जर्दाळू वेचले, आणि प्रत्येक दाणा उजेडात धरून दोनदा पाहिला. पदर भरला. यक्षाने अळी तळहातावर घेतली आणि कौतुकाने न्याहाळली. "इतकी वर्षं ही माझ्याजवळ होती," तो म्हणाला, "आणि मी हिला झटकत होतो."

ज्वालादंत राक्षस राजवाड्याच्याच टेकडीखाली राहत असे. त्याचे दात निखाऱ्यांचे होते, त्यामुळे तो नेहमी तोंड उघडे ठेवून बोले. त्याने एक दात उपटला, मडक्यात राखेवर ठेवला आणि मडके कुमुदवतीच्या हाती दिले.

"ह्याचे पैसे नाहीत. अट आहे. धावलीस तर वारा लागून भडकेल आणि क्षणात राख होईल. थांबलीस तर विझेल. पक्ष्यावर बसायचं नाही. एका चालीने चालायचं, टेकडी चढून राजवाड्यापर्यंत."

ती चालू लागली. वर सूर्य कलला होता. भारद्वाज चिमणीएवढा होऊन पुढे उडे आणि मागे येई.

"कमरेपर्यंत आलं!" तो सांगे. "बरगड्यांपर्यंत आलं! अगं, जरा भरभर!"

"भरभर नाही," कुमुदवती म्हणाली. तिचे पाय धावायला शिवशिवत होते. आपण फार हळू तर चालत नाही? फार जलद तर नाही? मडक्यातला निखारा तिच्या प्रत्येक शंकेबरोबर लाल होई आणि काळवंडे. शेवटी तिने भारद्वाजाला सांगितले, "आता बातमी देऊ नकोस. गाणं म्हण. एका तालात."

"मला एकच येतं. कूप कूप कूप."

"तेच म्हण."

कूप, कूप, कूप. एकेक पाऊल पडत गेले, आणि महाद्वार आले.

राजा छातीपर्यंत सोन्याचा झाला होता. हात सोन्याचे, खांदे मात्र अजून मांसाचे. त्याच्या डोळ्यांतला तोरा कुठल्या कुठे गेला होता. "आलीस?" तो एवढेच म्हणाला.

अंगणातच चूल मांडली. निखाऱ्यावर कोळसे पेटले. दासींनी गूळ आणला, लोणी आणले, दालचिनी कुटून आणली. कुमुदवतीने सळई घेतली, पहिले सफरचंद डाव्या हातात धरले, आणि सपकन सळई घातली. हात जन्मभराच्या सवयीने चालला. देठातून आत, बुडातून बाहेर.

"आरपार!" भारद्वाज किंचाळला.

"आता काय करू? भरूनच बघते." तिने मेवा भरला, सफरचंद खापरात ठेवले, वर परात झाकली आणि परातीवर निखारे रचले. गूळ वितळला, लोणी वितळले, आणि सगळे बुडातल्या भोकातून खाली गळून जळाले. परात उचलली तेव्हा आत एक कोरडे, काळे, सुरकुतलेले फळ होते.

"नको," धुकाई एक डोळा उघडून म्हणाली, आणि तो पुन्हा मिटला.

दुसऱ्याच्या वेळी कुमुदवतीने सळई ठेवून दिली आणि छोटा चमचा घेतला. हळूहळू पोट पोखरले, बूड शाबूत राहिले. आनंदाच्या भरात तिने मेवा ठासठासून भरला. खापर तापले, वास सुटला, दासी टाळ्या वाजवणार इतक्यात फाट्! सफरचंद फुटले, साल एकीकडे, गर एकीकडे, आणि एक मनुका उडून प्रधानाच्या पगडीत बसली.

"नको," धुकाई म्हणाली. या वेळी तिने डोळाही उघडला नाही.

राजाच्या गळ्याशी पिवळा रंग आला होता. सूर्य सुळक्याला टेकला होता. शेवटचे सफरचंद उरले होते.

"साल ताणली म्हणून फुटलं," कुमुदवती स्वतःशीच पुटपुटली. तिने फळाच्या कमरेभोवती सुरीने बारीक रेघ ओढली, म्हणजे सालीला सैल व्हायला वाट राहील. मग चमचा घेतला. गाभा निघाला, बिया निघाल्या, आता एकच कड राहिली होती. तिने जरा जोर दिला, आणि चमच्याचे टोक बुडातून बाहेर आले.



"पोरी," राजा म्हणाला, "राहू दे. तू पुष्कळ केलंस."

तिने फळ उलटे करून पाहिले. बोटभर भोक. तिला रडू आले, आणि त्याच वेळी रागही आला, जन्मात आला नव्हता एवढा. तिने पदरातून सगळ्यांत मोठा, सगळ्यांत मऊ जर्दाळू काढला, दोन बोटांत दाबून चपटा केला आणि आतल्या बाजूने भोकावर बसवला. अंगठ्याने कडा दाबल्या. जर्दाळू चिकट होता, बसला.

"बुडाला ठिगळ?" भारद्वाज म्हणाला.

"गप्प बस आणि कूप कूप कर."

वर मनुका, बदामाचे काप, कुटलेला अक्रोड, गूळ, दालचिनी, आणि लोण्याचा गोळा. या वेळी ठासले नाही, सैल भरले. खापरात थोडे पाणी घातले. खाली निखारे, वर निखारे. ती चुलीपाशी बसून राहिली. परात उचलून बघावीशी वाटे, उचलली नाही. आधी लोण्याचा वास आला, मग दालचिनीचा, मग असा काही दरवळ सुटला, की बर्फात उभे असलेले शिपाई भाले टाकून जवळ सरकले. तिने परात उचलली. सफरचंद सोनेरी तपकिरी झाले होते, साल कमरेशी अलगद उकलली होती, आणि माथ्यावर गुळाचा पाक हळूहळू बुडबुडत होता.

"हं," धुकाई म्हणाली, आणि तिने दोन्ही डोळे उघडले.

तिने पान पुढे ओढले, घास घेतला आणि "हाऽऽ" करत तोंडातल्या तोंडात फिरवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. तिच्या केसांतले धुके पांढरे होते ते गुलाबी झाले. कुमुदवती तिचा एकेक घास श्वास रोखून पाहत होती. सोने राजाच्या हनुवटीला लागले होते.

पानात एक घास उरला. बुडाचा, जर्दाळूचा. आणि धुकाईने हात पुसले.

"आजीबाई!" कुमुदवती ओरडली. "एवढा राहिला!"

"शेवटचा घास पाहुणी आपण होऊन घेत नसते," धुकाई म्हणाली. "आग्रह करावा लागतो. आणि तू मध्ये बोलू नकोस, पोरी. या घराचा यजमान तू नाहीस. तो आहे."

सगळे राजाकडे वळले. धरणीपालाने जन्मात कुणाला आग्रह केला नव्हता. त्याने वाढवलेले ताट लोकांनी मुकाट्याने रिकामे करायचे, अशी रीत. त्याने कष्टाने ओठ हलवले. "उरलेले भक्षण करावे."

"हा हुकूम झाला."

कुमुदवतीने ओठ दाताखाली धरले. सूर्याची फक्त किनार उरली होती.

"आम्ही आपणांस विनंती करतो की..."

"हा अर्ज झाला. अर्जाने कुणाचं पोट भरतं?"

सोने राजाच्या खालच्या ओठाला लागले. त्याने मुलीकडे पाहिले. तिच्या बोटांना फोड आले होते, गालाला काजळी लागली होती, पदराला अक्रोडाचा चुरा चिकटला होता. राजाचे डोळे भरून आले, आणि तो घाईघाईने, बोबड्या जिभेने बोलू लागला.

"आजी, घ्या हो एवढा. एवढाच तर आहे. सकाळपासून राबलीय माझी पोर. बुडाला जरा फुटलंय, तिने ठिगळ लावलंय, चालवून घ्या. घरात दुसरं काही तुमच्याजोगं नाही, आहे ते हेच. माझ्यासाठी नका घेऊ, तिच्यासाठी घ्या. असं पानात टाकून उठू नका, आजी. अहो, घ्या ना!"

"नको रे, पोट भरलं," धुकाई म्हणाली.

"एवढ्याने कुठे पोट भरतं!" राजा जीव तोडून म्हणाला. "घ्याच!"

धुकाईच्या बोळक्यात हसू फुटले. "आता मात्र मोडवत नाही," असे म्हणून तिने तो घास उचलला आणि तोंडात टाकला. सगळा पाक, सगळे लोणी झिरपून त्या जर्दाळूत उतरले होते. तिने डोळे मिटले. "पोरी," ती म्हणाली, "सगळ्यांत चांगला घास हाच."

सूर्य बुडाला. राजाच्या ओठावरचे सोने तडकले. मग गळ्याचे, मग छातीचे. अंड्याच्या टरफलासारखे ते खळखळ गळून पायाशी पडले, आणि आत राजा होता, अनवाणी, थंडीने कुडकुडणारा. कुमुदवतीने त्याचे हात आपल्या हातात घेतले. ते गरम आहेत की नाहीत हे पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. गरम होते.

नदीतले उरलेसुरले सोने त्या क्षणी वाळू झाले, आणि कुणाला त्याची फारशी हळहळ वाटली नाही, कारण सगळे उरलेल्या मेव्याभोवती जमले होते. भारद्वाजाने मनुका इतक्या खाल्ल्या, की त्याला उडता येईना.

धुकाई निघाली तेव्हा राजा तिला पोचवायला गेला. वेशीपर्यंत गेला, वेशीबाहेर गेला, तिची काठी हातात धरून बर्फातून चालत राहिला. "थांबा ना अजून एक दिवस. निदान लोणी तरी न्या. पुढच्या बर्फाला याल ना? येईन म्हणा. नुसतं हं नको, येईन म्हणा!"

"अरे पुरे!" धुकाई म्हणाली. "येईन. पण आता मला जाऊ दे."

तिच्या केसांतले धुके वाटेवर पसरले, आणि त्या धुक्यातून राजाचा आवाज गावात बराच वेळ ऐकू येत होता.